आउलिसचा बरोबर आलेला भागाकार

ज्या शनिवारी दुपारी आमच्या क्लबातली सगळी मंडळी ओल्या अंगाने थंड सौनात उभी राहून माझं नाव घेत होती, त्या दिवशी बाहेर उणे सव्वीस होतं. नाव घेत होती म्हणजे देवाचं घेतात तसं नव्हे.

आमच्या क्लबाची एक रीत आहे. इतर क्लबांत लोक आधी सौनात, म्हणजे भट्टीने तापवलेल्या लाकडी खोलीत, तापतात आणि मग नदीच्या बर्फात कापलेल्या भोकात उतरतात. आमच्या तुइरा वस्तीत याला लाडावलेपणा म्हणतात. आमच्याकडे पहिली बुडी कोरडी, म्हणजे कपडे बदलायच्या खोलीतून थेट नदीत. जाता जाता सौनाच्या दारावरच्या लाल आकड्याकडे एक नजर टाकायची, आत ऐंशीच्या वर आहे एवढं बघायचं, आणि त्या आकड्याच्या भरवशावर बर्फाच्या पाण्यात मान बुडेपर्यंत जायचं. त्या दिवशी आकडा ब्याऐंशी होता. तो सकाळपासून ब्याऐंशीच होता, कारण तो दाखवणारं यंत्र सकाळीच थिजलं होतं. यंत्र थिजलं की भट्टी सुरक्षेसाठी आपोआप बंद पडते. आकडा मात्र कोणी पुसत नाही.

"यार्मो!" क्लबाच्या अध्यक्ष हिल्काबाई आतून ओरडल्या. त्या निवृत्त सुईण आहेत. अर्ध्या ऊलू शहराचं पहिलं रडणं त्यांनी ऐकलेलं आहे, त्यामुळे कोणाच्या रडण्याचं त्यांना काही वाटत नाही. "यार्मो, इकडे ये. भट्टीच्या दगडांना हात लाव. लाव, लाव, घाबरू नकोस. भाजणार नाही."

"मी बघतो काय झालंय ते," मी म्हणालो.

"तू आधीच काहीतरी बघितलेलं दिसतंय. म्हणून तर हे झालंय."

हे मात्र खरं होतं. सौनाच्या भट्टीमागे एक कपाट आहे, त्यात माझ्या आधी कोणीतरी बसवलेला वहीएवढा एक जुना संगणक. तापमान मोजायचं, भट्टी चालू-बंद करायची आणि दारावर आकडा लावायचा, एवढंच त्याचं आयुष्य. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो एवढ्या गुन्ह्यावरून त्याची देखभाल माझ्याकडे आलेली. महिन्याभरापूर्वी बाकं बदलायची म्हणून सौना बंद होता, तेव्हा मी त्या डब्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा नवाकोरा गाभा, म्हणजे कर्नेल, घातला. गार खोलीत दहा मिनिटं चालवून पाहिला, छान चालला, तसाच ठेवून घरी गेलो. सौना उघडला तो त्या शनिवारी.

आणि हे सगळं मी केलं आउलिससाठी.

आउलिस कुर्त्तिला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. तो क्लबाचा सभासद नाही, कारण त्याला गर्दी सोसत नाही. गर्दी म्हणजे तीन माणसं. एके काळी या गावात फोन बनवणारी एक कंपनी होती आणि निम्मं गाव तिच्या जिवावर कॉफी पीत होतं. कंपनी बुडाली तेव्हा कोणी खेळ बनवायला लागलं, कोणी बिअर गाळायला लागलं, आमच्या जिन्यातल्या एकाने ज्येष्ठमधाचं आइस्क्रीम काढलं आणि तोही बुडाला. आउलिसने यातलं काही केलं नाही. कंपनीने एक चिप वापरली होती, तिची वीज वाचवण्याचा कोड आउलिसने लिहिला होता. कंपनी गेली, चिप राहिली. लाकूडगिरण्यांत, हवामान केंद्रांत, पार्किंगच्या खांबांत ती अजून आहे. जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेल्या त्या अवाढव्य गाभ्यात तिच्या नावाचं एक फोल्डर आहे, आणि आउलिस त्या फोल्डरचा राखणदार आहे. पगार नाही. मानही फारसा नाही. बदल सुचवणारी टपाल येते, ती वाचायची आणि बहुतेक वेळा नाही म्हणायचं. आउलिसला ही नोकरीच वाटत नाही, इतकी ती त्याच्या स्वभावाला जुळते.

पॉवर मॅनेजमेंट म्हणजे प्रोसेसरला कधी पळवायचं, कधी चालवायचं आणि कधी झोपवायचं हे ठरवणं. थोडक्यात, काहीही न करण्याचं काम जास्तीत जास्त नीट करणं. आउलिस आपल्या स्वयंपाकघरात खिडकीकडे तोंड करून तासभर गप्प बसलेला पाहिला की वाटतं, माणसाने विषय निवडला की विषयाने माणूस?

त्याची बायको मेर्वी शाळेत संगीत शिकवते आणि दोघांच्या वाट्याचं बोलते. मला पूर्णांकी भागाकार तिने शिकवला. गाभ्यात अपूर्णांक वापरत नाहीत. सगळा हिशोब पूर्ण आकड्यांत. टेबलावर दालचिनीचे सात बन होते. मेर्वीने तीन माझ्यापुढे ठेवले, तीन आउलिसपुढे, आणि सातवा उचलून स्वतः खाल्ला.

"सात भागिले दोन, बरोबर तीन," ती म्हणाली. "उरलेला कुठे गेला, हे यांच्या धंद्यात कोणी विचारत नाही."

"विचारतात," आउलिस म्हणाला.

"तू विचारतोस. बाकीचे झोपतात. यार्मो, याचं कौतुकही असंच असतं बघ. मी मैफलीसाठी निळा झगा घातला होता, लोक वळून बघत होते. हा काय म्हणाला असेल?"

"काय?"

"'थंडी वाजेल.' मनात काहीतरी पाऊण-बिऊण आलंही असेल रे. पण एकाच्या खाली आलं की याच्याकडे शून्य होतं."

आउलिसने बन खाल्ला. त्याने नाकारलं नाही, म्हणजे आमच्याकडे ती कबुलीच.

तर त्या फोल्डरातली चूक अशीच एका बनाची होती. प्रोसेसरचे वेग ठरलेले असतात, जिन्याच्या पायऱ्यांसारखे. सगळ्यात वरच्या पायरीचा आकडा होता सहासष्ट कोटी, आणि पुढेही नुसते सहाच सहा. कोडात एके ठिकाणी या आकड्याला हजाराने भागायचे आणि दुसऱ्या ठिकाणी पुन्हा हजाराने गुणायचे. भागताना शेपटीचे तीन सहा गळून पडायचे, गुणल्यावर त्यांच्या जागी तीन शून्यं यायची. मग कोड जिन्यावर बघायचा: मागितलेल्या वेगाच्या वर न जाणारी सगळ्यात उंच पायरी कोणती? वरची पायरी त्या तीन सहांनी उंच ठरायची. म्हणून तो एक पायरी खाली उतरायचा. कोणी वरची पायरी मागितली की त्याला खालची मिळायची, आणि मागणाऱ्याला हे कधी कळायचंही नाही. जगातली ती सगळी यंत्रं वर्षानुवर्षं आपल्या पूर्ण वेगाला न शिवता जगत होती. आमच्या भागात असं जगणाऱ्यांना समाधानी म्हणतात, त्यामुळे कोणाला संशय आला नाही.

आउलिसला आला, आणि त्याने ती ओळ कोणी लिहिली ते शोधलं. गाभ्यात प्रत्येक ओळीचा बाप नोंदलेला असतो. ही ओळ लिहिली होती आउलिस कुर्त्तिला नावाच्या एका तरुण इंजिनिअरने.

दुरुस्ती पाठवताना कोणाची चूक सुधारतोय ते त्यात लिहावं लागतं, हा या मंडळींचा शिरस्ता. त्याने स्वतःचं नाव लिहिलं. दुरुस्ती होती एका ओळीची: शेपूट छाटू नका, जवळच्या पूर्ण आकड्याकडे वळवा. आणि हिशोब दोन्हीकडे सारखाच करा. या एका ओळीवर जगभरातून चार महिने चर्चा झाली. कोणी म्हणालं, जवळच्या नको, वरच्या आकड्याकडे वळवा. कोणी म्हणालं, तुमच्या पत्रातला दुसरा परिच्छेद पहिल्यात घाला. एकाने एवढंच कळवलं की ओळीच्या शेवटी एक रिकामी जागा जास्त आहे. आउलिस प्रत्येकाला शांतपणे उत्तर द्यायचा आणि पुढची आवृत्ती पाठवायचा. वीज वाचवणाऱ्या सगळ्या फोल्डरांची वरची राखणदार ब्राझीलमध्ये, कुरितिबात बसते, झुलेइका नावाची. तिने शेवटी लिहिलं, "गणित बरोबर आहे. पण खऱ्या यंत्रावर कोणी चालवून बघितलंय का? एकाने तरी 'मी तपासलं' असं सही करून सांगा, मग घेते."

सौनाच्या डब्यात हीच चिप होती, त्यामुळे ती हाताशी असलेला माणूस आउलिसच्या ओळखीत एकच होता. मी. दहा मिनिटं तपासून मी सही केली.

दुरुस्ती आत गेली. त्या दिवशी मेर्वीने केक केला. आउलिसने मला जिन्यात गाठून सांगितलं, "बरं झालं." मी इतका भारावलो की घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं.

हे त्याच्यासाठी किती मोठं होतं ते मेर्वीकडून कळलं. वसंतात तो फोल्डर एका तरुण मुलीच्या हवाली करणार होता. त्याआधी आपल्या नावावरची ती ओळ त्याला आपल्या हाताने पुसायची होती. शिवाय यंदाची आवृत्ती साधी नव्हती. दर काही आवृत्त्यांमागे एक अशी निघते, जी पुढे कित्येक वर्षं जपली जाते. जुनी यंत्रं तिलाच धरून राहतात. ती एका रविवारी कुलूपबंद व्हायची होती; त्यानंतर तिच्यात बदल नाही.

आणि त्याच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी माझ्यापायी हिल्काबाई गोठल्या.

मी संध्याकाळी वर गेलो. आउलिस भांडी पुसत होता. मी सगळं सांगितलं. त्याने ओरडावं असं मला फार वाटत होतं. आउलिसने डॉक्टरसारखे प्रश्न विचारले.

"कपाटात किती गरम होतं?"

"भट्टीच्या पाठीलाच आहे. हात ठेववत नाही."

"जुन्या गाभ्यावर कधी थिजलं होतं?"

"मी आल्यापासून तरी नाही."

"हं," आउलिस म्हणाला. त्याने पुसलेली बशी परत पुसली.

रविवारी सकाळी तो माझ्याबरोबर क्लबात आला. सौनात आम्ही दोघंच, म्हणून त्याला चाललं. आधी त्याने डब्यात जुना गाभा घातला, भट्टी तापवली, आणि आम्ही दोन तास आत-बाहेर करत राहिलो. आकडा चढला, उतरला, जिवंत होता. मग त्याने आपला गाभा घातला. दाराची काच आतून पुसली की बाहेरचा आकडा उलटा दिसतो. आम्ही बाकावर बसून उलटा आकडा बघत राहिलो.

मी मनातल्या मनात त्या डब्याला विनवत होतो, की बाबा रे, आज तग धर. सत्तर. सत्याहत्तर. ऐंशी. आउलिस गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. घाम त्याच्या नाकावरून टपटपत होता आणि तो पुसत नव्हता. आकडा चौऱ्याऐंशीवर आला. मग चौऱ्याऐंशीच राहिला. मी म्हणालो, "स्थिर झालंय. छान आहे."

भट्टीतून तापलेल्या तारा थंड होताना येतो तसा टिक टिक आवाज यायला लागला.

आउलिसने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. वाफ आली, पण तिच्यात मन नव्हतं. "गेलं," तो म्हणाला.

कारण सोपं होतं, म्हणूनच वाईट होतं. आउलिसच्या बरोबर भागाकाराने यंत्राला पहिल्यांदाच त्याची वरची पायरी मिळाली होती. वरच्या पायरीवर ते जास्त तापत होतं, आणि भट्टीच्या पाठीमागे आधीच तापायला काही कमी नव्हतं. चुकीच्या भागाकाराने इतकी वर्षं त्याला वाचवलं होतं.

आता या मंडळींचा एक नियम आहे, आणि तो गणिताच्या वरचा आहे: ज्याचं चाललंय त्याचं मोडायचं नाही. तुमचा बदल कितीही शहाणा असो, त्याने एखाद्याचं चालतं यंत्र बंद पडलं तर बदल मागे. यंत्र का चालत होतं, कोणत्या चुकीच्या जिवावर चालत होतं, हे विचारायचं नाही. फक्त तक्रार यायला हवी.

तेवढ्यावर मी आशा बांधली. "तक्रार कुठे आलीय?" मी कपडे घालता घालता म्हणालो. "तो डबा मी कपाटातून काढतो आणि बाहेर भिंतीवर लावतो. पंखा लावतो. संपलं. कोणाला काय कळणार आहे?"

"हिल्काला कळलंय."

"हिल्काबाईंना कर्नेल म्हणजे काय ते माहीत नाही!"

"पाणी गार होतं ते माहीत आहे."

मी हिल्काबाईंकडे गेलो. त्या स्वयंपाकघरात साल्मनचं सूप ढवळत होत्या. मी म्हणालो, "शनिवारचं माझ्यामुळे झालं, एवढंच लोकांना सांगा. यंत्राचं काही नाव काढू नका."

"तुझ्यामुळे झालं हे तर मी सगळ्यांना सांगतेच आहे," त्या म्हणाल्या. "किराणा दुकानातसुद्धा सांगितलं. त्यासाठी विनंती कशाला?"

"म्हणजे तुमची तक्रार नाही ना?"

"तक्रार? अरे, सत्तरीची बाई ओल्या अंगाने थंड दगडांपुढे उभी राहिली. माझ्या शरीराचे काही भाग बुधवारी परत यायचे आहेत. त्याला तक्रार नाही तर काय अभिनंदन म्हणतात?"

त्याच दिवशी आउलिसने हिल्काबाईंना फोन केला. मेर्वीने मला नंतर सांगितलं. तिच्या मते आउलिसने आपणहून फोन लावल्याचं हे तिच्या संसारातलं तिसरं उदाहरण. तो म्हणाला, "हिल्का, कुर्त्तिला बोलतोय. सौना थंड पडला तो माझ्यामुळे. तक्रार नोंदवू का तुझी?" पलीकडून बराच वेळ काहीतरी बोललं गेलं. आउलिस म्हणाला, "यार्मोविरुद्धची वेगळी. माझ्याविरुद्धची नोंदवतो." आणि फोन ठेवला.

मग त्याने स्वतःच्या दुरुस्तीविरुद्ध स्वतःच पत्र लिहिलं. सगळ्या जगासमोर. तक्रार करणारी: हिल्का, ऊलू. लक्षण: सौना थंड. कारण: माझी ओळ. उपाय: माझी ओळ मागे घ्या. झुलेइकाचं उत्तर तासाभरात आलं.

"आउलिस, गणित तुझं बरोबर आहे. तो डबा बाजूला सरकवता येणार नाही का?"

"वापरणाऱ्याने सरकवायचा नसतो."

"मग त्या एकाच डब्यापुरता अपवाद लिही."

"तो डबा आणि लाकूडगिरणीतला डबा गाभ्याला सारखेच दिसतात. शिवाय एकीने तक्रार केली. ज्यांना तक्रार कुठे करायची हेच ठाऊक नाही असे किती थंड बसलेत, ते मला माहीत नाही."

यावर तिने लिहिलं, "घेतलं. वाईट वाटलं." टपालयादीवरच्या तिसऱ्याच कोणीतरी कळवलं की ओळीच्या शेवटी पुन्हा एक रिकामी जागा जास्त आहे.

पुढच्या रविवारी आवृत्ती कुलूपबंद झाली, चुकीच्या भागाकारासह. आज तुम्ही त्या ओळीचा इतिहास काढून पाहिलात तर चूक आउलिसची, दुरुस्ती आउलिसची, आणि दुरुस्तीची माघारही आउलिसचीच. मध्ये "मी तपासलं" म्हणून माझी सही आहे. ती काढता येते का, असं मी विचारलं होतं. येत नाही.

सौना पुन्हा तापू लागला. हिल्काबाईंनी मला माफ केलं, म्हणजे आता त्या माझ्या आधी पाण्यात उतरत नाहीत. आउलिसला मात्र मी आठवडाभर टाळलं. मग एकदा मेर्वीने मला दारातच धरलं.

"आत ये आणि याला काहीतरी सांग," ती म्हणाली. "फोल्डर देणार नाही म्हणतोय. ती मुलगी बिचारी तयार होऊन बसलीय. म्हणतो, माझी चूक आत असताना दुसऱ्याच्या गळ्यात कशी घालू? उन्हाळ्यात आम्ही बोट घेणार होतो, यार्मो!"

आउलिस खिडकीपाशी कॉफी पीत होता. मी त्याच्यासमोर बसलो. त्याने एक कप माझ्याकडे सरकवला. मी बराच वेळ योग्य शब्द शोधले, आणि नेहमीप्रमाणे अयोग्य सापडले.

"आउलिस, हट्ट करू नकोस. एवढा बरोबर भागाकार! दुसरा कोणी असता तर गप्प बसला असता."

त्याने खांदे उडवले.

"तू गेल्यावर ती मुलगी करेल की दुरुस्ती."

"माझी ओळ आहे."

"मग काय, क्लबातलं ते डबडं बंद पडेपर्यंत असाच बसणार तू? तेवढं एक मेलं की तक्रार संपली. मग पाठव पुन्हा. आणि असं कितीसं जगणार आहे ते? त्या वाफेत, त्या धगीत, इतकं जुनं. येत्या एक-दोन वर्षांत मरेलच ना?"

आउलिसने कप खाली ठेवला.

"मरणार नाही. त्या कपाटात मीच बसवलंय ते."